तुळशीजवळचे धोंडे

पहाटे उठल्यावर द्वारकाबाई लगेच जमिनीवर पाय टेकत नसे. बाजेच्या काठावर बसून ती आधी डावा पाय मांडीवर घेई, कंदील जवळ ओढी आणि तळवा बोटाबोटांतून पाहून घेई. त्या पायाला काटा रुतलेला कळत नसे, चटका बसलेला कळत नसे. पायाला जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचं, असं आदिलाबादच्या डॉक्टरनं तिला बजावलं होतं. अंगठ्याच्या मुळापासून टाचेपर्यंत गेलेली जखमेची खूण आता पांढुरकी, गुळगुळीत झाली होती. तिच्यावर ती खोबरेल चोळी, जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पाय पुसून घेई, टायरच्या तळाच्या चपला घाली आणि मगच उभी राही. मग चूल पेटवून कोरा चहा उकळायचा, त्यात साखर न घालता तो उभ्यानंच प्यायचा, बैलांपुढं कडबा टाकायचा, कोपऱ्यातली काठी उचलायची आणि सासू जागी होऊन "कुठं चालली व?" म्हणायच्या आत दाराची कडी काढायची, हा तिचा रोजचा क्रम होता.

वाट ठरलेली होती. मारुतीच्या पारावरून, कापसाच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यानं, पेनगंगेच्या उतारापर्यंत. पारापाशी बयनाबाई अंगणात सडा टाकत असायची आणि तिची जीभ तिच्या हातापेक्षा लवकर जागी होत असे.

"काऊन व द्वारके, आजही माणिकरावानं घराबाहेर काढलं का?"

"काढलं न. तुया घरी राह्याले येऊन राह्यली. भाकर टाकून ठेव."

"टाकतो ना बाई! पन तू तं खातच नाई म्हनते."

द्वारकाबाई हसे, पण थांबत नसे. थांबलं की श्वास बसतो आणि पुन्हा पाऊल उचलायला मन वळवावं लागतं, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

हे सगळं सुरू झालं ते नव्वद सालच्या दिवाळीनंतर. कापूस वेचताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो तिला समजलाच नाही. समजलं तेव्हा पाय काळा पडत चालला होता. आदिलाबादच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा रक्तात साखर निघाली. पाय घोट्यापासून कापावा लागेल की काय, अशी गोष्ट निघाली त्या दिवशी माणिकराव दवाखान्याच्या पायरीवर बसून मारुतीला नवस बोलला: बायकोचा पाय राहिला तर तिच्या भारंभार गूळ तुझ्या पारासमोर तोलीन. पाय राहिला. निघताना तेलुगू डॉक्टर हिंदीत म्हणाले, "अम्मा, पैर रखना है ना? तो वजन उतारो. रोज चलो. नहीं तो फिर इधरीच आना पडेगा."

द्वारकाबाईचं वय तेव्हा सेहेचाळीस. ती लग्न होऊन आली तेव्हा काटकुळी होती. भरत गेली ती पुढं, आणि घराला त्याचा अभिमान होता. लोणखेड्यात चांगल्या घरची सून अंगानं ओळखू येई. सासू तुळजाबाई पाहुण्यांसमोर तिच्या दंडाला हात लावून म्हणे, "आमच्या घरचं अन्न हाय हे." त्यामुळं दवाखान्यातून आलेल्या सुनेनं साखर सोडली, तूप सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून अर्धा परत टोपलीत ठेवला, तेव्हा तुळजाबाईला तो घराचा अपमान वाटला. त्या चैत्रात जखम अजून बांधलेली होती, म्हणून नवसाची तुला पुढच्या हनुमान जयंतीवर ढकलली गेली.

वजन उतरतं आहे की नाही, हे कळायचं कसं? घरात कापूस तोलायचा मोठा काटा होता. कोठ्याच्या आढ्याला साखळ्यांनी टांगलेली दोन लाकडी पारडी. पण लोखंडी मापं भासऱ्यांच्या, माणिकरावाच्या थोरल्या भावाच्या उद्धवरावांच्या, कपाटात कुलपात असत. ती मागणं म्हणजे कारण सांगणं, आणि कारण सांगणं म्हणजे द्वारकाबाईचं वजन आकड्यानिशी गावभर होणं. उपाय काढला तो उद्धवरावांच्या बायकोनं, चंद्रभागेनं. ती थोरली जाऊ. अंगानं काडी, पण तोंडानं भारी.

"मापं कायले पायजे? जवारी हाय न," ती म्हणाली.

दुपारी घरातले पुरुष शेतात आणि सासू झोपलेली असताना द्वारकाबाई एका पारड्यात मांडी घालून बसली. चंद्रभागेनं दुसऱ्या पारड्यात पोतं ठेवून नव्या ज्वारीची मापटी ओतायला सुरुवात केली. ओतता ओतता ती थांबली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बापा, किती व तू!"

"बोलू नोको. वत."

दांडी सरळ झाली. पोत्याचं तोंड शिवलं गेलं. त्या पोत्यात द्वारकाबाई होती, धान्याची, तिच्याएवढीच. पुढच्या अमावास्येला पुन्हा बसायचं आणि पोतं जड निघालं तर सारखं होईपर्यंत ज्वारी काढायची, एवढा साधा हिशेब.

पहिल्याच अमावास्येला ती बसलेलं पारडं वर राहिलं. चंद्रभागेनं पोत्यातून ओंजळी उपसल्या. काढलेली ज्वारी सुपात पडली तेव्हा द्वारकाबाई त्या दाण्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"हे मायं अंग होतं," ती म्हणाली.

"म्हनून हिची भाकर तुले देत नाई. पुन्हा चढन," चंद्रभागा म्हणाली आणि सूप अंगणात चिमण्यांपुढं रिकामं केलं.

चैत्र गेला. वैशाखातल्या अमावास्येला द्वारकाबाई मोठ्या उमेदीनं पारड्यात बसली, कारण महिनाभर एकही खाडा न करता ती नदीपर्यंत जाऊन आली होती, आंब्याचा रस समोर आला तेव्हा तिनं वाटी पालथी घातली होती. पण तिचं पारडं खाली गेलं. चंद्रभागेनं साखळी हलवून पाहिली, पोतं सरळ केलं. पारडं खालीच.

"कुठं काई खाल्लं का व?"

"तुया गळ्याशपत नाई."

द्वारकाबाईला राग आला नाही. तिला लाज वाटली. त्या संध्याकाळी शेवयांत गूळ पडला होता आणि तुळजाबाईनं नेहमीसारखी वाटी पुढं सरकवली. द्वारकाबाईनं ती खाल्ली. तुळजाबाईनं दुसरी सरकवली, तीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडी निघाली नाही. बयनाबाईनं सड्याची बादली हातात घेऊन वाट पाहिली आणि मग घरी येऊन विचारलं, "बरी हायस न?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो द्वारकाबाईला जास्त लागला.

मृगाच्या आधी धान्याला ऊन द्यायचं म्हणून तुळजाबाईनं पोती अंगणात काढायला लावली. शेवटचं पोतं चंद्रभागेनं उसवलं आणि गोणपाटाच्या फारीवर ओतलं, तर दाण्यांबरोबर पिठासारखी भुकटी उडाली. तिनं मूठभर ज्वारी उचलली. दाणे हलके होते, सोंड्या किड्यांनी पोखरलेले. आणि जे शाबूत होते तेही उन्हाळ्यानं वाळून खडखडीत झाले होते. ते पोतं कोणतं, हे दोघींना एकदमच आठवलं.

"द्वारका, तू नाई व वाढली," चंद्रभागा हळू म्हणाली. "पोतं उतरलं. ओली जवारी भरली आपुन फाल्गुनात. उन्हानं वाळली, अन् उरली ते किड्यायनं खाल्ली."

द्वारकाबाईनं तिच्या मुठीतले पोकळ दाणे आपल्या तळहातावर घेतले. जन्म शेतात गेलेल्या दोन बाया; नवं धान्य उन्हाळ्यात वजन टाकतं हे दोघींना लहानपणापासून ठाऊक. बाजारात नवी ज्वारी घेताना दोघी दाणा दाताखाली धरून पाहत. पण ज्या ज्वारीला आपलं वजन म्हटलं, ती ज्वारीच आहे हे त्या विसरल्या होत्या. द्वारकाबाईला हसू फुटलं. ते इतकं वाढलं की तुळजाबाई ओसरीवरून ओरडली, "कायचे दात काढून राह्यल्या दोघी? धान्याले कीड लागली अन् यायले हसू येते!"

दुसऱ्या पहाटे कडी निघाली. परतताना द्वारकाबाईनं पदरात नदीतले वाटोळे धोंडे बांधून आणले. त्याच्या पुढच्या पहाटे आणखी. पोतं तिच्या भारंभार होईपर्यंत ती आणत राहिली. धोंडे वाळत नाहीत आणि त्यांना कीड लागत नाही. आधी किती उतरलं होतं ते आता कधीच कळणार नव्हतं; तिनं तो नाद सोडला आणि त्या दिवसापासून नव्यानं मोजायला घेतलं.

या वेळी तिनं काही लपवलं नाही. अमावास्येला पोत्यातून निघालेला धोंडा ती धुवून तुळशी वृंदावनाच्या कडेला ठेवी. कधी एक निघे, कधी दोन. पोळ्याच्या महिन्यात एकही निघाला नाही. त्या महिन्यात ती वृंदावनापाशी उभी राहून आधीचे धोंडे नुसती पाहून घेई आणि वाटेला लागे. दिवाळीत तर एक धोंडा परत पोत्यात गेला.

"घाल बाई माघारी," चंद्रभागा म्हणाली. "करंज्यायचा हाय तो."

"चकल्यायचा," द्वारकाबाई म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा बाहेर काढलाच.

तुळजाबाई तुळशीला पाणी घालताना कुरकुरे. "देव मांडले का हिनं इथं? लोकायच्या सुना घर भरते. आमची धोंडे मांडते."

"त्यायले कुंकू नोका लावजा, मामी," द्वारकाबाई आतून सासूला म्हणे. "नाई तं खरंच देव होतीन."

अंग उतरलं तशी तिची चोळी सैल झाली, दंडावरची चांदीची वेळ मनगटाकडे घसरू लागली, आणि गावात कुजबुज सुरू झाली. जैनथच्या बाजारात तिला कोणी ओळखेना, कोणी ओळखून हळहळे. क्षय असेल, असं एक म्हणे. घरात ओढाताण असेल, असं दुसरी म्हणे. या बोलण्यानं उद्धवराव अस्वस्थ होऊ लागले, कारण त्यांच्या मुलीचं, आशाचं, लग्न गुडीहत्नूरच्या घरी ठरत आलं होतं आणि ते सोयरे हनुमान जयंतीच्या तुलेला येणार होते.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी उद्धवराव ओसरीवर येऊन बसले. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड होती. भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही रीत तिनं लग्नापासून पाळली होती. तिला सांगायचं ते उद्धवराव भावाला सांगत आणि तिनं ते आतून ऐकायचं.

"माणका, उद्याचा काई इचार केला का?"

"कायचा, दादा?"

"पोतंभर गूळ आनून ठेवला आपुन. अन् तुई बायको अर्धी झाली. सोयरे पाह्यतीन, पारडं कुठं थांबते ते. या घरात बायका वाळते म्हनतीन. पोरगी द्याची हाय आपल्याले."

"मंग काय कराव म्हनता?"

"तुळशीपाशी ठेवले हाय न तिनं धोंडे? तिच्याच अंगाचे हाय म्हनते न ते? बांध फडक्यात. मांडीवर घेऊन बसन, वरून शाल. नवस तवाच्या अंगाचा होता, तवाच्या अंगाचा फेडू. देवाचंही खोटं नाई होत."

"बराबर बोल्ला उद्धव," तुळजाबाई म्हणाली. "अन् एकडाव नवस फिटला का ते सकाळचं फिरनं बंद. दुखनं गेलं, नवस फिटला, आता कायले? पुन्हा भरू दे तिले पह्यल्यासारखी."

दाराआड द्वारकाबाईनं हातातली परात खाली ठेवली. धोंड्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण शेवटचं वाक्य तिला समजलं. उद्या ती ज्या वजनाची म्हणून चार गावांसमोर तोलली जाईल, तेच तिचं वजन ठरेल, आणि तिथं परत जाणं हे तिचं काम ठरेल.

माणिकराव पाणी प्यायला आत आला, तेव्हा ती म्हणाली, "नवस काय बोल्ले होते तुमी?"

"तुया भारंभार गूळ."

"माया भाराचा. धोंड्यायच्या नाई."

त्यानं पाण्याचा गडवा खाली ठेवला. "देवकाबाई अशीच वाळत गेली," तो म्हणाला. देवकाबाई त्याची पाठची बहीण, क्षयानं गेलेली. "दर खेपी माहेरी आली का बांगडी आनखीन वर सरकलेली. आमी म्हनो, कामानं. तू समोर आली का मले तेच दिसते. मले नाई सोसत ते."

हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. द्वारकाबाईचा आवाज खाली आला. "देवकाबाईले आंगनातून घरात येववत नव्हतं. मी नदीपावतर जाऊन येते, रोज. तुमी कवा मांगं येऊन पाह्यलं का?"

"दादाले काय सांगू?"

"काई नोका सांगू," ती म्हणाली.

सकाळी चंद्रभागा फडक्यात बांधलेले धोंडे घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. "मी काई म्हनत नाई, द्वारका. पोरगी माही हाय, एवढंच."

द्वारकाबाईनं गाठोडं घेतलं, कडेवर टेकवलं, वरून शाल ओढली. जावेच्या पोरीसाठी एक दिवस, असंही तिच्या मनात आलं. वाजंत्री वाजू लागली आणि घरातली माणसं पाराकडे निघाली.

अंतर मोठं नव्हतं. रोज ती ते बयनाबाईशी बोलत सहज पार करी. आज चावडीच्या वळणावरच तिला धाप लागली. गुडघ्यांत जुनी कळ उठली, पाऊल चपलेत फतकन पडू लागलं, डावा पाय फरफटू लागला. तिला हे चालणं ओळखीचं वाटलं. पुष्कळ वर्षं ती असंच चालली होती आणि यालाच चालणं म्हणतात असं समजली होती. गाठोड्यातला एकेक धोंडा कमरेला रुतत होता, आणि त्यातला कोणता कोणत्या महिन्याचा हे तिला न पाहता सांगता आलं असतं. पार दिसला तेव्हा तिचा विचार पुरा झालेला होता.

पिंपळाच्या फांदीला घरचा काटा टांगलेला होता. एका पारड्याशेजारी गुळाच्या भेल्या रचल्या होत्या. सोयरे सतरंजीवर बसले होते. उद्धवरावांनी पुजाऱ्याला खूण केली. "बसू द्या."

द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. भासऱ्यांच्या दिशेला तिनं पाहिलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. ती पाराच्या पायरीशी वाकली, शालीखालचं गाठोडं काढून तिथं ठेवलं आणि गाठ सोडली. पहिला धोंडा तिनं पायरीवर ठेवला. मग दुसरा. वाजंत्री थांबली. उद्धवराव अर्धवट पुढं आले आणि तिथंच थबकले, कारण काय बोलले असते तरी ते धोंडे तिथं कसे आले हेच सांगावं लागलं असतं. तुळजाबाईनं "अव, अव..." एवढंच म्हटलं. मग चंद्रभागा नवऱ्याला वळसा घालून पुढं आली, द्वारकाबाईशेजारी बसली आणि फडक्यातला पुढचा धोंडा तिनं स्वतःच्या हातानं पायरीवर मांडला. दोघींनी मिळून रांग पुरी केली.

द्वारकाबाईनं चपला काढल्या, पारडं पाहून घेतलं, त्यात कुठं खिळा नाही ना ते तपासलं, आणि मांडी घालून बसली. डावा पाय वर होता, खूण सगळ्यांना दिसेल असा.

माणिकरावानं पहिली भेली उचलली. तो एकेक भेली सावकाश ठेवत गेला. पारडं हललं, उचललं, दांडी सरळ झाली. त्यानं हात थांबवला. बाजूला पुष्कळ गूळ उरला होता. पुजाऱ्यानं उद्धवरावांकडे पाहिलं, उद्धवरावांनी भावाकडे.

"झालं," माणिकराव म्हणाला. "भारंभार झाला. नारळ फोडा."

सोयऱ्यांत काय बोलणं चाललं ते ऐकू आलं नाही. नवऱ्या मुलाची आई, चांगली भरल्या अंगाची बाई, सतरंजीवरून हाताचा टेका घेत उठली, पायरीपाशी आली आणि धोंड्यांकडे पाहत राहिली. एक धोंडा उचलून तिनं हातात तोलून पाहिला आणि जिथला तिथं ठेवला.

आरती झाली. जेवणाच्या पंगतीसाठी लोक घराकडे वळले. तुळजाबाईनं बैलगाडी जुंपून ठेवायला लावली होती. "बस गाडीत. उपाशी हायस."

द्वारकाबाईनं चपला घातल्या आणि पिंपळाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली आपली काठी उचलली. बयनाबाईनं ती कधी आणून ठेवली होती, कोण जाणे. आज पहाटेचं चालणं राहिलं होतं.

"तुमी व्हा पुढं, मामी," ती म्हणाली, "मी आलीच," आणि नदीच्या वाटेला लागली.